तीन मीटरची नळी, १४ महिने: घोड्यांच्या एंडोस्कोपचा वापरानंतरचा अनुभव

मी घोड्यांचा डॉक्टर. पुण्यात रेसकोर्सच्या आसपासचे तबेले, वाघोली-लोहगावकडची रायडिंग स्कूल, मुळशीच्या बाजूचे दोन-तीन फार्म आणि लग्नसराईत वरातीच्या घोड्या, असा माझा फिरता दवाखाना. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी पोर्टेबल व्हिडिओ एंडोस्कोप घेतला, म्हणजे घोड्याच्या नाकातून आत घालून बघायची कॅमेऱ्याची नळी. नळी ३ मीटर लांब, साडेदहा मिलिमीटर जाड, टोक चारी दिशांना वळतं, हवा आणि पाणी सोडायची सोय, चिमटा घालायला आतून वाट, आणि बॅटरीवर चालणारा स्क्रीन. किंमत एका छोट्या नव्या मोटारीएवढी. दुरुस्तीचे सात आठवडे सोडले तर १४ महिन्यांत तो जवळजवळ रोज गाडीत होता, म्हणून आता लिहितोय.

घेताना बहुतेकांचा सल्ला दीड मीटरची नळी घ्यायचा होता. घसा आणि श्वासनलिका बघायला तेवढी पुरते, हाताळायला सोपी पडते. मी हट्टाने लांब घेतली, कारण मला जठर बघायचं होतं. मोठ्या घोड्याच्या नाकपुडीतून जठराच्या खालच्या तोंडापर्यंत, म्हणजे पायलोरसपर्यंत पोचायला ३ मीटर लागतातच. घशाच्या कामात ही लांबी अडचणीची ठरते हे खरं. उरलेली दोन मीटर नळी कुणीतरी खांद्यावर घेऊन उभं राहावं लागतं. तरीही आज पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, कारण माझं औषध देणं खऱ्या अर्थाने बदललं ते जठर दिसायला लागल्यावर.

एका वरातीच्या घोडीचं सांगतो. मालक धनकवडीचे, तीन पिढ्यांचा धंदा. घोडी चंदी अर्धी टाकून द्यायची, पट्टा आवळला की चावायला यायची, अधूनमधून पोट दुखायचं. आधी दोन वेळा पोटशुळाचं इंजेक्शन देऊन झालं होतं. आत बघितलं तर जठराच्या वरच्या फिक्या भागात, मार्गो प्लिकॅटसच्या (जठराचा वरचा आणि खालचा भाग वेगळा करणाऱ्या रेघेच्या) कडेने, लांबच लांब जखमा. दोन ठिकाणी रक्त झिरपत होतं. मालक माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वरातीच्या दिवशी आम्ही तिला दुपारपासून काही घालत नाही. मांडवाच्या दारात लीद टाकली तर लोक ओरडतात."

दुखण्याचं मूळ तिथेच होतं. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, तो खात असो वा नसो. त्याला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते ती चावताना. दुपारपासून रात्री नऊपर्यंत उपाशी, त्यात बँड, फटाके, गर्दी. जठराच्या खालच्या भागाला श्लेष्माचं अस्तर असतं, वरच्याला ते नाही, म्हणून आम्ल तिथेच डसतं. रेसच्या घोड्यांतही हेच होतं. धावताना पोट आवळलं जातं आणि आम्ल वर उसळतं. उपाय म्हणून आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल, वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅम, सकाळी रिकाम्या पोटी, २८ दिवस. आणि वरातीला निघण्याआधी पेंढीभर वाळलं गवत आणि थोडा लसूणघास. पाचव्या आठवड्यात पुन्हा बघितलं तेव्हा जखमा भरून आल्या होत्या. मालकांनी तो व्हिडिओ मागून घेतला आणि धंद्यातल्या इतर घोडेवाल्यांना दाखवला. मी वर्षानुवर्षं तोंडाने सांगत होतो ते त्या दोन मिनिटांच्या चित्राने पटलं.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी 'अल्सर असणार' म्हणून मी अंदाजाने हेच औषध लिहायचो. आता बघतो तेव्हा काही घोड्यांचं जठर स्वच्छ असतं आणि दुखणं दातात, पाठीत नाहीतर जिनात निघतं. काहींच्या जखमा पायलोरसपाशी, खालच्या भागात असतात. त्या हट्टी, नुसत्या ओमेप्राझोलला लवकर दाद देत नाहीत. मालकांचा महिनाभराचा महागडा औषधखर्च वाचला, असं अनेकदा झालं.

जठर बघायची तयारी मात्र यंत्रापेक्षा सईसावर, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्यावर, अवलंबून आहे. खाणं १६ तास बंद, पाणी शेवटचे काही तास बंद. सुरुवातीला एका तबेल्यात मी सकाळी सातला पोचलो, गुंगीचं इंजेक्शन दिलं, नळी आत घातली तर समोर हरभरेच हरभरे. म्हाताऱ्या सईसमामांनी पहाटे दोन ओंजळी घातल्या होत्या. म्हणाले, "रात्रभर कडी वाजवत होता हो, बघवेना." त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही, सगळं कारण समजावून न सांगता मी नुसता 'उपाशी ठेवा' असा निरोप धाडला होता. आता आदल्या संध्याकाळी सईसाशी स्वतः फोनवर बोलतो. मुसकं बांधायला सांगतो, अंथरलेलं गवत काढून लाकडाचा भुसा टाकायला सांगतो. नाहीतर घोडा अंथरूणच खातो.

आत जाताना सगळ्यात मोठी भीती नळी चावली जाण्याची. अन्ननलिकेत न शिरता टोक घशात उलटं वळून तोंडात आलं आणि दाढेखाली सापडलं, की यंत्र गेलंच. म्हणून मी जाड पोटनळीचा कापलेला तुकडा आधी नाकातून अन्ननलिकेत सरकवतो आणि त्यातून स्कोप घालतो. नाकात तळाच्या वाटेनेच जायचं. जरा वर गेलं की एथमॉइडला, म्हणजे नाकाच्या आतल्या नाजूक हाडाच्या भागाला, धक्का लागतो आणि भळाभळा रक्त येतं. काम झाल्यावर जठरात भरलेली हवा शोषून काढायला विसरू नका, नाहीतर तासाभरात पोटशूळ.

घशाचं काम सोपं, पण तिथे गुंगी द्यायची नाही. औषधाने स्वरयंत्र ढिलं पडतं आणि निदान चुकतं. ओठाला ट्विच (घोडा शांत उभा राहावा म्हणून आवळायचा फास) लावायचा, नळीतून थोडं पाणी सोडून घोड्याला गिळायला लावायचं आणि दोन्ही बाजूंच्या कूर्चा पूर्ण उघडतात का ते बघायचं. दोष बहुतेक वेळा डावीकडे असतो, कारण स्वरयंत्र हलवणारा डावा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येतो. त्याचा रस्ता फार लांब. घोडा विकत घेण्याआधी ही तपासणी जरूर करून घ्या. धावण्यानंतर अर्ध्या ते दीड तासात श्वासनलिकेत रक्ताची रेघ दिसते का, हेही याच नळीने बघतो. नाकातून रक्त न आलेल्या घोड्यांतही ती सापडते.

मर्यादाही सांगतो. दौडताना घरघरणारा एक घोडा उभ्याने तपासला तेव्हा घसा अगदी निर्दोष दिसला. मऊ टाळू वर सरकण्यासारखे दोष जोराच्या दौडीतच दिसतात. त्यासाठी लगामाला अडकवून पळत्या घोड्याचं चित्रण करणारा वेगळा स्कोप लागतो. हा त्या कामाचा नाही, आणि विकणाऱ्याने हे मला सांगितलं नव्हतं.

गटरल पाउच, म्हणजे घशाच्या दोन बाजूंच्या हवेच्या पिशव्या, हे या यंत्राचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम. एका रायडिंग स्कूलमध्ये स्ट्रँगल्स, म्हणजे घशाच्या गाठींत पू होणारा घोड्यांचा संसर्गजन्य रोग, येऊन गेल्याला पाच महिने झाले होते, तरी नव्याने आणलेली तट्टं एकामागून एक आजारी पडत होती. सगळ्यात धट्टाकट्टा दिसणाऱ्या, मुलांच्या लाडक्या घोडीच्या पिशवीत सुकलेल्या पुवाचे गोळे निघाले. चिमट्याची तार आधी झडपेखाली सारून, मग नळी फिरवून आत शिरावं लागतं. हात बसायला मला महिना लागला. चार वेळा धुऊन, गोळे काढून, नमुन्यांची तपासणी स्वच्छ आल्यावरच तिला इतरांत सोडलं. त्या दिवसापासून तिथे एकही नवा घोडा आजारी पडलेला नाही.

हाच रोग नळीवरूनही पसरू शकतो, त्यामुळे साफसफाईला तडजोड नाही. आधी गळती तपासायची, मग ब्रशने आतली वाट घासायची, मग २ टक्के ग्लुटरालडिहाइडमध्ये पुस्तिकेतला पूर्ण वेळ बुडवायची, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची, कारण औषधाचा अंश राहिला तर घोड्याचं नाक-घसा भाजतो. यात वेळ जातो, म्हणून मी दिवसात तीनपेक्षा जास्त तबेले घेत नाही. संशयित घोडा नेहमी शेवटचा.

तक्रार एकच, पण मोठी. पाचव्या महिन्यात टोकाजवळच्या रबराला बारीक छिद्र पडलं आणि स्क्रीनवर धुकं आलं. पुण्यातला रेसचा हंगाम ऐन भरात होता. विक्रेत्याने दुरुस्तीला सात आठवडे लावले, बदली नळी दिली नाही, फोनवर रोज 'उद्या' ऐकलं. घेण्यापूर्वी बदली यंत्राचं कलम लेखी घ्या. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बॅटरी चार घोड्यांना पुरते असं सांगतात; मला तीनच मिळतात.

शिंगरांसाठी ही जाडी चालत नाही. त्यांच्यासाठी बारीक, दीड मीटरची नळी पुढच्या महिन्यात मागवतोय, यावेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून. तोवर शिंगराच्या नाकात मी ही घालत नाही.