ट्युटोरियलची साईट आवरताना: पीएचपी तशीच चालू ठेवू का साधं एचटीएमएल करून टाकू?

नोकरी सांभाळून चालवलेली साईट आता पुरे असं ज्यांना वाटायला लागलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी जेक्वेरी मोबाईल, म्हणजे फोनवर चालणारी वेबपानं बनवायची लायब्ररी, मराठीतून शिकवायचो, 2021 ला ते अधिकृतपणेच मोडीत निघालं, मग नवीन धडे लिहून करायचं काय. पण व्ह्यूपोर्ट, टच, मीडिया क्वेरी हे जुने धडे वाचायला पोरं अजून येतात, त्यामुळं शटर ओढवेना. मग राहिले दोन रस्ते, पीएचपी-मायएसक्यूएलची (प्रत्येक पान सर्व्हरवर डेटाबेसमधनं तयार होणारी) साईट आहे तशी ठेवायची, नाहीतर सगळी पानं एचटीएमएलमध्ये काढून गिटहब पेजेसवर, म्हणजे नुसती तयार पानं ठेवणाऱ्या होस्टिंगवर, टाकायची.

आहे तशी ठेवण्यात सुख आहे, खोटं कशाला बोलू. लॉगिन, क्विझ, सर्च, धड्याखालचे प्रश्न, सगळं जागच्या जागी. काही करावं लागत नाही, असं वाटतं.

माझं हे वाटणं चैत्र यात्रेला जोतिबावर संपलं. गुलालात नखशिखांत माखलेलो, आणि मेसेज आला की सर साईट पांढरी दिसतीय. पीएचपी 7.4 ची मुदत नोव्हेंबर 2022 ला संपलेली, होस्टिंगवाल्यांनी 8 वर ढकललं, त्याचा मेल मी वाचलाच नव्हता, आणि माझ्या क्विझच्या कोडमध्ये ईच नावाचं जुनं फंक्शन होतं जे 7.2 पासून वॉर्निंग देत होतं आणि 8 मधून काढूनच टाकलंय. वॉर्निंगा मीच बंद केलेल्या, म्हणजे चूक माझीच. पण खरा वैताग पुढं. फोनवर कंट्रोल पॅनेल उघडलं तर त्याला व्ह्यूपोर्ट टॅगच नाही, म्हणजे ब्राउझर पान 980 पिक्सेल धरून काढतो आणि फोनात मावेल एवढं बारीक करतो. झूम करून व्हर्जनचा ड्रॉपडाउन शोधतोय तर बोट भलतीकडंच पडतंय, स्क्रीनवर गुलाल, मागनं सासनकाठी आली म्हणून लोक ढकलतायत. इतकी वर्षं लोकांना तो एक टॅग शिकवला, आणि अडलो तिथंच! रात्री घरी येऊन दुरुस्त केलं, पण जी साईट आपण सोडलीय तिच्यासाठी हे परत करायचं नाही एवढं ठरलं.

एचटीएमएलकडं जाणं मात्र फुकटात होत नाही. डब्ल्यूगेटनं (साईटची पानं उतरवून घेणारं टूल) पानं एका संध्याकाळी उतरली, लिंकांनी दोन रविवार खाल्ले. जुने पत्ते प्रश्नचिन्हवाले, आयडी 12 वगैरे, ते तिथं चालत नाहीत, शेवटी 404 च्या, म्हणजे पत्ता सापडला नाही की दिसणाऱ्या, पानात थोडी जावास्क्रिप्ट टाकून आयडीवरनं नवीन पानाकडं वळवलं. सर्च गेला. क्विझचे मार्क आता ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये राहतात, फोन बदलला की गेले. जागेची मर्यादा 1 जीबी आहे, मजकूर आणि स्क्रीनशॉटला ती कशाला लागतीय, व्हिडिओ असतील तर ते आधी दुसरीकडं हलवा.

आणि एक फायदा मी धरलाच नव्हता. एचटीटीपीएस आयतं मिळतं, त्यामुळं सर्व्हिस वर्कर (पानं ब्राउझरमध्ये साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) लावता आला, एकदा उघडलेला धडा नेटशिवाय उघडतो. गगनबावड्याच्या एसटीत रेंज गेल्यावर मी स्वतः बघितलंय, मोजमाप म्हणाल तर एवढंच.

तुमच्याकडं पैसे भरलेले विद्यार्थी असतील, सर्टिफिकेट लॉगिनमागं असतील तर माझं ऐकू नका, पीएचपीच ठेवा, फक्त होस्टिंगचे मेल वाचत जावा. नुसते धडेच असतील तर मला वाटतं दोन रविवार घालवायला हरकत नाही. मी होस्टिंग रिन्यू केलं नाही, डोमेन तेवढं ठेवलंय.