जाहिरातीत शटर काउंट 41 हजार, बॉडीत निघाला पावणेचार लाखांच्या घरात

पक्ष्यांच्या फोटोंसाठी मी गेल्या वर्षी एक वापरलेला निकॉन डी5 घेतला आणि त्यात फसले. कॅमेरा बनावट नव्हता, चोरीचाही नव्हता. विकणाऱ्याने एकच गोष्ट लपवली होती, पण ती कशी लपवली हे कळेपर्यंत महिना निघून गेला होता. सेकंडहँड प्रोफेशनल बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

डी5 हा 2016 सालचा कॅमेरा. जवळपास 36 बाय 24 मिलिमीटरचा फुल फ्रेम सेन्सर, 20.8 मेगापिक्सेल, 153 फोकस पॉइंट, सेकंदाला 12 फ्रेम, आयएसओ (म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) 1,02,400 पर्यंत. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात उडणारा पक्षी टिपायचा तर यातला प्रत्येक आकडा कामाला येतो. कितीतरी दिवस मी याच बॉडीच्या शोधात होते. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘हौसेखातर घेतलेला, दोनच वर्षं वापर, शटर काउंट 41 हजार.’ शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा चाललं, तो आकडा. निकॉनने या कॅमेऱ्याचं शटर 4 लाख वेळा चालवून पारखलेलं आहे. म्हणजे दहा टक्केच वापर झाला, असा हिशेब मी मनात केला.

‘दोनच वर्षं’ या शब्दांनी मला निर्धास्त केलं, आणि तिथेच चुकलं. सेकंदाला 12 फ्रेम या वेगाने बटण दाबून धरलं तर 4 लाख क्लिक सव्वानऊ तासांत पुरे होतात. सलग कोणी तसं चालवत नाही हे खरं, पण खेळाचे सामने किंवा मोठे कार्यक्रम टिपणाऱ्या माणसाच्या हातात अशा बॉडीची दोन वर्षं आणि हौशी माणसाच्या हातातली दोन वर्षं यांची तुलनाच होऊ शकत नाही. अशा कॅमेऱ्याचं वय महिन्यांत मोजून काहीच कळत नाही.

मी पुरावा मागितला. आधी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तिथे साध्या फोटोतली एक्झिफ माहिती, म्हणजे फाइलमध्ये कॅमेऱ्याने केलेल्या नोंदी, गळून जाते, म्हणून मी मूळ फाइल ईमेलने मागवली. तीही त्याने लगेच दिली. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये शटर काउंट नोंदलेला असतो आणि एक्झिफटूल या मोफत सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. मी वाचला. 41,318. माझी खात्री पटली. त्याच माहितीत दुसऱ्या एका ओळीत बॉडीचा सिरीयल नंबरही होता. त्या ओळीकडे मी पाहिलं नाही.

प्रत्यक्ष भेटीत त्याने खोलीत, मंद उजेडात कॅमेरा दाखवला. आयएसओ 12,800, शटर स्पीड 1/200 सेकंद. एवढ्या कमी उजेडात इतका स्वच्छ फोटो आणि वर तो सलग खटखट आवाज, माझं मन तिथेच भरलं. माझ्या कार्डावर पंधरा-वीस फोटो काढले, बॉडीचं रबर, स्क्रू, लेन्स बसते ती कडी नीट पाहिली. सगळं चकचकीत. बॅटरीच्या माहितीत मात्र तिचं वय 3 दाखवत होतं. हा आकडा 0 ते 4 असा चढतो, 0 म्हणजे नवी. 41 हजार फोटोंना एवढी थकलेली बॅटरी? मी विचारलंही. ‘ती जुन्या कॅमेऱ्याची आहे,’ असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

पहिले काही दिवस फोटो छान आले. निळ्या आभाळातल्या घारींच्या फोटोंत वरची कड जरा काळपट वाटायची, पण आभाळ वर गडद होत जातंच, म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा कॅमेरा उभा धरून फोटो काढले, तर काळपट पट्टा बाजूच्या कडेला. आभाळ असं फिरत नाही. लेन्सचा दोष म्हणावा, तर त्याने चारही कोपरे सारखे काळवंडतात आणि ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) लहान केल्यावर फरक कमी होतो. इथे एकच कड, आणि f/8 एवढ्या लहान ॲपर्चरलाही तशीच.

मग एका सपाट पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले. शटर स्पीड वाढवत नेला आणि एक्सपोजर सारखं राहावं म्हणून तेवढाच आयएसओ वाढवला. 1/250 ला भिंत एकसारखी. 1/3200 पासून पट्टा दिसू लागला, 1/8000 ला फोटोचा वरचा जवळजवळ पाव भाग काळा.

कारण शटरच्या रचनेत आहे. त्यात दोन पडदे असतात. 1/250 पर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडल्यावरच दुसरा निघतो, म्हणजे क्षणभर सगळा सेन्सर उघडा असतो. त्याहून वेगात दुसरा आधीच निघतो आणि दोघांमधली अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. पडदे झिजून त्यांच्या वेगात किंचित जरी फरक पडला, तरी ती फट शेवटाकडे आक्रसते आणि तेवढा भाग काळा येतो. मंद खोली आणि 1/200 कशासाठी निवडले होते, ते मला तेव्हा समजलं.

मी स्वतः काढलेली फाइल एक्झिफटूलमध्ये उघडली. 3,71,206. त्याने पाठवलेली फाइल पुन्हा उघडली आणि दोन्हींतले सिरीयल नंबर शेजारी ठेवले. वेगळे होते. त्याने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या, कमी वापरलेल्या बॉडीचा फोटो मला दिला होता. फाइल अस्सल, आकडा अस्सल, कॅमेरा दुसरा. सगळ्यात जिव्हारी लागलं ते हे, की भेटीच्या दिवशी काढलेले पंधरा-वीस फोटो माझ्याच कार्डावर होते. पैसे देण्याआधी त्यातला एक लॅपटॉपवर उघडला असता तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं.

फोन केला तर म्हणाला, ‘वापरलेला माल आहे, तुम्ही बघून घेतलात.’ सिरीयल नंबरचं काढताच फोन ठेवला, नंतर नंबर ब्लॉक. दोन्ही फाइल्स, संभाषण, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जोडून मी तक्रार केली. जाहिरात हटवली गेली, पैसे मिळाले नाहीत. शटर बदलून घेतलं, आता कॅमेरा नीट चालतो.

तीन आठवड्यांपूर्वी तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, मॉडेल तेच, ‘हौसेखातर घेतलेला’ हे शब्दही तेच. मी मूळ फाइल मागितली, ती तासाभरात आली. मग बॉडीच्या तळावरच्या सिरीयल नंबरचा फोटो मागितला, आणि आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवायला सांगितलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. जाहिरात अजून तिथेच आहे.