आठ महिने फायबर, आणि मग लाल दिवा

घरी फायबरचं, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाने येणारं, इंटरनेट घेतलं; त्याची नवी नवलाई ओसरल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. गेल्या महिन्यात मॉडेमवरचा ‘एलओएस’चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला आणि पाच दिवस नेट बंद राहिलं, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी बरीच वर्षं टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल होतं. एडीएसएल२+ कागदावर २४ एमबीपीएस, पण एक्स्चेंजपासून तार जितकी लांब तितका वेग कमी. मला ६ च्या वर कधी मिळाला नाही, अपलोड तर १ च्याही आत. मग वर्षभर केबलचं नेट. दिवसा झकास, रात्री सगळे शेजारी त्याच केबलवर आले की रडकथा. त्यामुळे फायबरचे पहिले सात महिने मला सणासारखे वाटले. अपलोड डाउनलोडइतकंच, पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंदांच्या आसपास. तीन महिन्यांनी ३०० चा प्लॅन उतरवून १०० चा केला, काही फरक पडला नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. चार माणसांच्या घराला ते भरपूर होतं. उगाच जास्त पैसे का भरायचे?

मग तो दिवा. कस्टमर केअरचं एकच पालुपद: “मॉडेम बंद करून चालू करा.” अहो, लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये, रीस्टार्टने तो कुठून येणार? तीनदा कोणी न येताच ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला. याचा राग अजून गेलेला नाही.

त्या पाच दिवसांत ५जी वायरलेसचा राउटर मागून आणला. पहिल्या दुपारी खिडकीत ठेवला तर २५० चा वेग! फायबर काढूनच टाकावं असं मनात आलं. संध्याकाळी तोच ४० वर आला, पिंग २५ वरून १८० वर उड्या मारू लागला आणि कॉलवर माझा आवाज तुटायला लागला. राउटर आतल्या खोलीत नेला तर सिग्नल निम्मा. मत बदललं. जिथे वायर पोचत नाही तिथे ५जी चांगलंच आहे, पण रोज घरून काम करायचं तर मी त्यावर विसंबणार नाही.

पाचव्या दिवशी तंत्रज्ञ आला. त्याच्या मीटरवर उणे २९ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). बसवताना उणे १९ होतं, म्हणजे प्रकाश एक दशांश उरला होता. त्याने वायरीत लाल लेझर सोडला आणि कपाटामागे एका ठिकाणी पांढऱ्या आवरणातून लालभडक ठिपका चमकला. साफसफाईत कपाट सरकवलं तेव्हा वायर तिथे चेपून दुमडली होती. “काका, इथूनच प्रकाश बाहेर गळतोय. फायबरला काटकोनात वळवायचं नाही, गोल वळण द्यायचं,” तो म्हणाला. दहा मिनिटांत नवी पॅचकॉर्ड (मॉडेमला जोडायची फायबरची छोटी वायर) लावून गेला. दहा मिनिटांच्या कामाला पाच दिवस!

फायबर घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. वेगाची जाहिरात बाजूला ठेवा आणि बसवतानाचा डीबीएमचा आकडा लिहून घ्या. उणे १५ ते उणे २२ असेल तर निश्चिंत राहा, उणे २७ च्या पलीकडे गेला तर कनेक्शन कधीही जाईल. बऱ्याच मॉडेमच्या सेटिंग्जमध्ये ‘आरएक्स पॉवर’ म्हणून तो दिसतो. मी आता दर एक तारखेला वहीत उतरवतो. या महिन्यात उणे १९.४ आहे.