पॅशन फ्रूट: जांभळी वेल की पिवळी?

बेळगावात परसात पॅशन फ्रूटची एकच वेल लावायची असेल तर जांभळ्या फळांची, म्हणजे जांभळीच लावा. सुमारे ७५० मीटर उंचीवरची इथली हवा तिला मानवते, फळ गोड लागतं आणि एकट्या वेलीलाही फळं धरतात. पिवळीचं तसं नाही. तिचं फूल दुपारी उमलतं आणि स्वतःच्या परागांवर फळत नाही. शेजारी दुसऱ्या रोपाची वेल हवी, शिवाय मोठा काळा भुंगा हवा. पाठीवर पिवळे पराग माखून तो फुलातून बाहेर पडतो, बघत राहावं असं! भुंगे नसतील तर ब्रशनं पराग लावा. फळ मोठं पण आंबट, सरबताला झकास. वेल सुकवून मारणाऱ्या मर रोगापुढं मात्र पिवळीच जास्त चिवट. खानापूरच्या पावसात आळ्यात पाणी साचलं तर दोन्ही जातील. कोडगूतल्या चेट्टळ्ळी इथल्या फळबाग संशोधन केंद्राचा 'कावेरी' हा या दोघींचाच संकर; रोप मिळालं तर सोडू नका.