बँडकॅम्प : कुलूप नसलेले दुकान

पैसे मोजून घेतलेले गाणे एक दिवस वाजेनासे होते, हे मला एका जुन्या ऑनलाइन दुकानाने शिकवले. दुकान बंद पडले, परवाना तपासणारा त्यांचा सर्व्हरही बंद झाला आणि माझ्या फायली नव्या संगणकावर उघडेनात. तीच गाणी ज्यांनी फुकट ढापली होती, त्यांची मात्र बिनघोर वाजत राहिली. त्यामुळे २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्प या ऑनलाइन संगीत-दुकानाकडे मी वळलो, तो कलाकारांच्या कळवळ्याने नव्हे, तर तेथे फायलींना कुलूप नसते एवढ्याच कारणाने.

येथे घेतलेला अल्बम एमपी३, एएसी, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारे), वेव्ह अशा हव्या त्या स्वरूपात, आणि पुन्हा पुन्हा, उतरवून घेता येतो. झिप उघडली की कलाकार, अल्बम, क्रमांक आणि गाण्याचे नाव अशा क्रमाने नावे दिलेल्या फायली दिसतात, सोबत मुखपृष्ठाचे चित्रही असते. चोरीच्या गाण्यांची निनावी अडगळ वर्षानुवर्षे सांभाळलेल्या माणसाला एवढी टापटीपही सुखावते.

किमतीची चौकट मात्र विचारात पाडते. अनेक अल्बमांना कलाकार फक्त किमान किंमत लावतो, कधी ती शून्यही ठेवतो, आणि पुढचा आकडा आपण भरायचा असतो. फुकट उतरवण्यात पूर्वी मला काही वाटत नसे. येथे वादकाच्या नावाखालच्या रिकाम्या चौकटीत स्वतःच्या हाताने शून्य लिहायला बोट धजावत नाही.

डिजिटल विक्रीतून कंपनी १५ टक्के घेते, वर्षाची विक्री ५,००० डॉलरपुढे गेली की १० टक्के; पैसे वळते करण्याचा खर्च निराळा. कंपनीच्या म्हणण्यानुसार सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे (त्याचे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीकडे) जाते. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे, कारण खाते लेबलचे असेल तर गायकाच्या पदरात किती पडते ते त्या दोघांच्या करारावर ठरते. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडून देते; मी बरीचशी खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवतो.

स्ट्रीमिंगमध्ये सर्वांच्या वर्गण्या सहसा एकत्र करून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणून महिनाभर मी एकाच अप्रसिद्ध सतारवादकाला ऐकले तरी माझ्या वर्गणीचा मोठा भाग इतरांकडेच जातो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातून वगळले आहे. अशा वादकाचा एक अल्बम विकत घेणे हाच मला सरळ व्यवहार वाटतो.

उणिवा आहेतच. बड्या कंपन्यांचे लोकप्रिय संगीत येथे फारसे सापडत नाही, तेव्हा सगळी भूक या एका दुकानावर भागणार नाही. मालकीही स्थिर राहिलेली नाही: २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने ही कंपनी घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवाने देणाऱ्या कंपनीला विकली आणि त्या हस्तांतरात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. दुकान उद्या कोणाच्या हाती असेल ते सांगता येत नसल्याने, खरेदीच्या दिवशीच मी फ्लॅक प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतो.