ढग ‘अल्ट्रा’वर की ‘हाय’वर? सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

फ्लाइट सिम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळाच्या, ट्रेलरमध्ये दिसतात तसे ढग आपल्याही पडद्यावर हवेत ही हौस तो खेळणाऱ्या प्रत्येक सिमरला असते. मलाही होती. सध्या माझे ढग ‘अल्ट्रा’च्या खालच्या ‘हाय’ या ग्राफिक्स दर्जावर आहेत, फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, 30 वर बांधलेला आहे, आणि ‘अल्ट्रा’ची आठवण फक्त स्क्रीनशॉट काढताना होते. मशीन मधल्या दर्जाचं, मॉनिटर 1440पी.

इतक्या महिन्यांत एक गोष्ट पक्की झाली. हवामानाचा खरेपणा वेगळा आणि ढगांचा देखणेपणा वेगळा. भुर्दंड पडतो तो दुसऱ्याचा. वारा, तापमान, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबाने सांगितलेला हवेचा दाब, जो विमानाच्या उंचीमापकावर, म्हणजे अल्टिमीटरवर, लावतात) हे सिम्युलेटरसाठी नुसते आकडे. क्यूएनएच एका हेक्टोपास्कलने चुकीचा लावलात तर अल्टिमीटर 27-30 फुटांनी चुकतो, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्डला काडीचीही मेहनत पडत नाही. मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) ‘ओव्हीसी 003’ दिसलं, म्हणजे 300 फुटांवर आभाळ पूर्ण झाकलेलं, की कॅट-वन आयएलएसच्या (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरवणाऱ्या यंत्रणेच्या) 200 फुटांच्या डिसिजन हाइटपर्यंत, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडून द्यायच्या उंचीपर्यंत, हातात जेमतेम 100 फूट उरतात. ही धाकधूक ‘मीडियम’ ढगांतही तेवढीच असते.

मग कार्ड तापतं कशाने? 2006 च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये ढग म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी असलेली सपाट चित्रं होती. 2020 च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आणि 2022 च्या एक्स-प्लेन 12 मध्ये ढगाला खरोखरची जाडी आहे. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण ढगात शिरतो, ठिकठिकाणी थांबून घनता मोजतो, आणि तिथवर सूर्यप्रकाश किती पोचतो तेही बघतो. त्यामुळे खर्च पिक्सेलच्या संख्येवर वाढत जातो. 1440पीवरून 4के म्हणजे सव्वादोनपट पिक्सेल. एवढं झाल्यावर ढगांची सेटिंग एक पायरी खाली आणून काय मोठं वाचणार?

गंमत अशी की गच्च ढगात शिरल्यावर माझे फ्रेम फारसे पडत नाहीत. किरण दोन पावलांत अडतो, हिशोब संपतो. जीव काढतात ते तुटक, विरळ थर, त्यातही संध्याकाळी, सूर्य खाली असताना. म्हणून सेटिंग तपासायची तर नेमक्या अशाच आभाळात तपासा. निरभ्र दुपारी मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

ढगांना दोष देण्याआधी आणखी एक तपासणी करा. रेंडर स्केल, म्हणजे चित्र किती पिक्सेलमध्ये काढायचं ते प्रमाण, एकदम निम्म्यावर आणा. फ्रेम वाढले नाहीत तर अडचण प्रोसेसरची आहे. मोठ्या विमानतळावर उतरताना माझ्याकडे हेच होतं. तिथे ढग कमी करून काहीच हाती लागलं नाही. टेरेन एलओडी (जमिनीचा तपशील) आणि एआय ट्रॅफिक (सिम्युलेटरने चालवलेली इतर विमानं) उतरवल्यावर जान आली. 30 वर बांधण्याचं कारणही लँडिंगच. दर फ्रेमला 33 मिलिसेकंद, पण नेमाने. क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, 55 वरून 25 वर आदळणारा फ्रेम रेट जास्त घातक, कारण त्या झटक्यात रडर (शेपटीचं सुकाणू) हमखास जास्त दाबला जातो.

अपस्केलिंगने, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवल्याने, ढग स्वस्तात मिळतात, हे खरं. पण ग्लास कॉकपिटवरचे (काट्यांऐवजी पडदे असलेल्या कॉकपिटवरचे) हलते आकडे मागे शेपूट सोडतात. अल्टिट्यूड टेप (उंचीची सरकती पट्टी) वाचायला डोळे बारीक करावे लागले की माझ्या लेखी तो सौदा फसला. छोट्या, घड्याळी काट्यांच्या विमानात मात्र बिनधास्त चालू ठेवा.

लाइव्ह वेदरबद्दल (खरं हवामान सिम्युलेटरमध्ये आणणाऱ्या सोयीबद्दल) एक तक्रार आहे. लांबच्या उड्डाणात नवा डेटा आला की कधीकधी वारा एका क्षणात फिरतो आणि क्रूझला (एका उंचीवर सरळ प्रवासात) असलेलं विमान ओव्हरस्पीडची, म्हणजे मर्यादेपलीकडच्या वेगाची, घंटा वाजवायला लागतं. याचा फ्रेम रेटशी संबंध नाही, सेटिंगने ते सुटतही नाही. अशा उड्डाणांना मी क्रूझचा माख (ध्वनीच्या वेगाच्या तुलनेतला वेग) मर्यादेपासून थोडं अंतर राखून ठेवतो.

काचेवरचे पावसाचे थेंब माझ्याकडे जवळपास फुकटात मिळतात, ते बंद करू नका. व्हीआर (डोळ्यांवर लावायचा हेडसेट) वापरणाऱ्यांचं गणित वेगळं आहे: दोन डोळे, दोन चित्रं, आणि फ्रेम पडले की थेट मळमळ. तिथे मी ढग सरळ ‘मीडियम’वर आणतो आणि वाचलेली ताकद कॉकपिटची अक्षरं नीट दिसावीत म्हणून रेंडर स्केलला देतो.