शेअर्ड ज्वेलरी स्टुडिओ: काही महिने वापरल्यावर

घरी दागिने करणाऱ्याला शेअर्ड स्टुडिओ कधी लागतो? आग आणि रोलिंग मिल (दोन रोलरमधून दाबून पत्रा पातळ करणारं यंत्र) लागायला लागली की. मणी ओवणं, तार वळवणं, रिव्हेट मारून जोडणं हे सगळं खिडकीजवळच्या टेबलावर निवांत होतं. चांदीचा पत्रा झाळायचा, म्हणजे आगीवर जोडायचा, म्हटलं की मात्र गॅसचा सिलिंडर आला, आम्लाचं भांडं आलं, पॉलिशची मोटर आणि तिची धूळ ओढणारा पंखा आला. राहत्या घरात हा संसार मांडण्यात अर्थ नाही. म्हणून मी एका स्टुडिओत जागा घेतली. टेबल आणि एक कुलूपबंद खण माझा, बाकी सगळं सामायिक. स्टुडिओचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बऱ्याचशा तक्रारी कुठल्याही स्टुडिओला लागू होतील.

माझं मत आधीच सांगून टाकते. जागा जरूर घ्या, पण यंत्रांची यादी बघून घेऊ नका. यादी सगळ्यांचीच झकास असते. त्या यंत्रांकडे रोज बघणारं कुणी आहे का, ते विचारा. पगारावर असो वा हौसेने, पण नाव घेऊन सांगता येईल असं एक माणूस हवं. 'आम्ही सगळे मिळून बघतो' असं उत्तर आलं, तर कुणीच बघत नाही असं समजायला हरकत नाही.

उदाहरण रोलिंग मिलचंच. तिचे रोलर कडक पोलादाचे, आरशासारखे घासलेले असतात. जो पत्रा त्यातून जातो तो रोलरचा पृष्ठभाग जसाच्या तसा उचलतो. नक्षीचा कागद किंवा पान घालून पत्र्यावर ठसा उमटवता येतो तो याच गुणामुळे. पण त्याच गुणामुळे दोषही उमटतो. आमच्याकडे कुणीतरी आम्लातून काढून धुतलेला पत्रा नीट न पुसता मिलमध्ये घातला आणि रोलर तसेच ओले सोडून घरी गेलं. दोन दिवसांत वरच्या रोलरवर गंजाचा एक खड्डा पडला, टाचणीच्या टोकाएवढा. त्यानंतर मिलमधून निघालेल्या प्रत्येक पत्र्यावर एक बारीक पुळी. रोलरचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर एका फेऱ्यात साधारण १५-१६ सेंटिमीटर पत्रा बाहेर पडतो, म्हणजे लांब पट्टी काढली की तेवढ्या तेवढ्या अंतरावर तीच पुळी पुन्हा हजर. कानशीने घासायला जावं तर पत्रा नेमका तिथेच पातळ होतो. शेवटी रोलर ग्राइंडिंगला गेले आणि मिल कित्येक आठवडे बंद. त्या काळातही मासिक शुल्क पूर्ण घेतलं गेलं, हा माझा राग अजून गेलेला नाही.

आता मिलशेजारी तेलाचं फडकं टांगलंय आणि 'कोरडं केल्याशिवाय घालू नये, स्टीलची तार अजिबात घालू नये' अशी पाटी लागली आहे. पाटीने थोडंफार काम होतं. फडक्याने जास्त होतं, कारण ते हाताशी आहे.

टेबलाविषयी. सोनारकामाचं टेबल लिहायच्या टेबलापेक्षा बरंच उंच असतं, ९० सेंटिमीटरच्या आसपास. काम छातीसमोर येतं आणि मान मोडत नाही. पुढच्या कडेला अर्धगोल कापलेला, मध्ये काम टेकवायला लाकडी खुंटी, खाली कीस झेलायला कातड्याची झोळी. खुंटी पहिल्या दिवशीच स्वतःची विकत घ्या. ती प्रत्येकजण आपल्या हाताच्या सवयीने कापतो, खाचा पाडतो, आणि दुसऱ्याच्या खुंटीवर करवत चालवताना पातं वाकडंच जातं. पात्यांचे दात मुठीकडे तोंड करून बसवायचे, ओढताना कापलं गेलं पाहिजे, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगावं लागतं. झोळीत पडलेला चांदीचा कीस तुमचाच. सोन्याचं काम करत असाल तर तो वेगळ्या डबीत ठेवा. दोन्ही मिसळले की शुद्ध करायला देताना त्रास आणि खर्च दोन्ही वाढतात.

कानशी, पक्कड, करवत, भिंग हे कधीच सामायिक वापरू नये असं माझं ठाम मत झालंय. त्याचं मुख्य कारण शिसं आहे. जुने दागिने दुरुस्त करणारे लोक स्टुडिओत असतात आणि जुन्या दुरुस्त्यांमध्ये शिसं वापरून केलेले जोड सापडतात. त्यावर चालवलेल्या कानशीच्या दातात शिशाचे कण अडकतात. तीच कानस तुमच्या चांदीवर चालली आणि ती चांदी नंतर तापवली, की शिसं तिच्यात उतरतं आणि पृष्ठभागावर खड्डे, कधी कधी आरपार भोकं पडतात. त्यावर इलाज जवळपास नाहीच, तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. चांगल्या स्टुडिओत अशा दुरुस्तीसाठी झाळायची वेगळी वीट, वेगळा चिमटा आणि लाल रंग दिलेली कानस असते. आमच्याकडे कानस आहे, वीट नाही.

सोल्डरचंही, म्हणजे जोडात वितळवायच्या मिश्रधातूचंही, तेच. हार्ड, मीडियम, इझी असे तीन डबे सामायिक शेल्फवर होते; हार्ड सगळ्यात जास्त तापमानाला वितळतं, इझी सगळ्यात कमी. कापलेले कण दिसायला सगळे सारखेच, आणि कुणी एकदा चुकीच्या डब्यात परत टाकले की संपलं. पहिल्या जोडाला हार्ड समजून इझी लागलं, तर दुसरा जोड तापवताना पहिला सुटून येतो. स्वतःचं सोल्डर पट्टीच्या रूपात आणा, टोकावर खूण करा आणि लागेल तेवढंच कापा. कॅडमियम नसलेलंच घ्या. कॅडमियमची वाफ विषारी असते, आणि सामायिक खोलीत तुमची वाफ शेजाऱ्याच्याही नाकात जाते.

आगीचा कोपरा मात्र आमच्या स्टुडिओने फार चांगला केलाय, आणि मी टिकून आहे त्याचं निम्मं श्रेय त्याला. तीन बाजूंनी काळे रंगवलेले पत्रे, वर धूर ओढणारं धुराडं, आणि मुद्दाम कमी ठेवलेला प्रकाश. अंधार हवाच. चांदी नरम करायला तापवतो तेव्हा मंद लालसर झाक दिसली की थांबायचं असतं, आणि ती झाक लख्ख ट्यूबलाइटखाली दिसतच नाही. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला वितळते, पण आपण वापरतो ती ९२.५ टक्क्यांची, तांबं मिसळलेली चांदी ८०० अंशांच्या पुढेमागेच वितळू लागते आणि ८९३ च्या आसपास पूर्ण पातळ होते. हार्ड सोल्डर त्या आठशेच्या थोडंच अलीकडे वाहतं. म्हणजे जोड बसणं आणि अख्खा दागिना गोळा होणं यांत अंतर फार नसतं. उजेडात हे काम करणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

जागा बघायला जाल तेव्हा गॅस कुठला ते विचारा आणि मग खाली जमिनीकडे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. झरोके फक्त छताजवळ असतील तर त्यांचा उपयोग नाही. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले हवेत. हे बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि विचारल्यावर कुणी वैतागलं तर तिथे जागा घेऊच नये.

आम्लाचं भांडं हे सामायिक जीवनाचं खरं रणांगण. झाळल्यावर चांदीवर काळपट ऑक्साइड आणि सवागीची, म्हणजे झाळताना लावलेल्या टाकणखाराची, काच चढते, ती काढायला कोमट आम्लात दागिना टाकतात. आम्लात तांबं हळूहळू विरघळत जातं आणि आम्ल निळं होतं. आता कुणी झाळताना तुकडे एकत्र धरायला बांधलेली लोखंडी तार न सोडवताच अंगठी आत टाकली, की त्या तारेला टेकलेली सगळी चांदी गुलाबी होऊन बाहेर येते. तांब्याचा पातळ थर चढलेला असतो. माझ्या झुमक्यांची एक जोडी अशी कुणाच्या तरी तारेपायी तांबडी झाली. त्यावर भांड्याच्या मालकीवरून, आम्ल फेकून नवं करावं की नाही यावरून इतकी वादावादी झाली की काही विचारू नका. खरं तर फेकायची गरज नसते. तार काढली की आम्ल पुन्हा पूर्ववत चालतं. चढलेलं तांबं काढायला वेगळ्या लहान भांड्यात ताजं आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं की काम होतं. चिमटा मात्र तांब्याचा, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचाच. आणि वापरून संपलेलं आम्ल सोड्याने शमवलं तरी त्यात विरघळलेलं तांबं उरतंच, म्हणून ते मोरीत ओतू नये. आमच्याकडे त्यासाठी कॅन ठेवलाय. तो भरला की काय होतं, याचं उत्तर मला दोनदा वेगवेगळं मिळालं आहे.

पॉलिशच्या खोलीत मी कमीत कमी जाते. मोटर मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. केस बांधलेले हवेत, हातमोजे नकोत, ओढणी तर नकोच, आणि साखळी हातात धरून फिरत्या चाकाला लावणं म्हणजे बोट गमावायची तयारी. तिथली चाकं सगळ्यांची असल्यामुळे बारीक पॉलिशच्या चाकावर भरड मसाला लागलेला असतोच, आणि मग चकाकीऐवजी ओरखडे मिळतात. माझी चाकं मी पिशवीत घालून खणात ठेवते. शक्य तिथे टम्बलर, म्हणजे गोल फिरणारा डबा, वापरते: स्टीलचे छर्रे, पाणी, साबणाचा थेंब, आणि काही तासांनी दागिना चकचकीत. वरचा थर थोडा कडकही होतो, त्यामुळे कानातल्यांच्या तारा सहज वाकत नाहीत. मोती, ओपल, फिरोजा त्यात घालू नका. तोटा एकच, टम्बलर एक आणि इच्छुक दहा.

चांदी मुद्दाम काळी करण्याच्या गंधकाच्या द्रावणाबद्दल एकच सांगते: हे काम धुराड्याखालीच झालं पाहिजे. मधल्या टेबलावर कुणी बरणी उघडली की खोलीभर सडक्या अंड्यांचा वास आणि शेजाऱ्याच्या पॉलिश केलेल्या चांदीवर पिवळट छटा. ते द्रावण चुकून आम्लाच्या भांड्यात गेलं तर विषारी वायू निघतो, हे आमच्या पाटीवर अजून लिहिलेलं नाही. मी दोनदा सांगितलंय.

एवढं वाचून वाटेल, मग ही बाई तिथे करते काय? तर शिकते. एकटीने काम करताना जे वर्षभर कळलं नसतं ते शेजारच्या टेबलाकडे तिरक्या नजरेने बघून कळतं. सुरुवातीला माझं सोल्डर गोळा होऊन बसायचं, वाहायचंच नाही. पलीकडच्या टेबलावरच्या ताई दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अगं, सोल्डरला कशाला तापवतेस? चांदीला तापव, ते आपणहून धावेल." मोठी, मऊ ज्योत सगळ्या तुकड्यावर फिरवायची आणि शेवटी जोडाकडे न्यायची, चांदी उष्णता झपाट्याने पसरवते, त्यामुळे एका जागी धरून बसण्यात काही हशील नाही. एरवी या ताई दिवसभर चकार शब्द बोलत नाहीत. न विचारता भरपूर बोलणारेही आहेत, त्यांच्यासाठी कानात इअरफोन घालायचे. आवाज नको म्हणूनही ते लागतातच. कुणी कडं ठोकून आकार देत असलं की नाजूक खडा बसवायचं काम त्या वेळी घेऊच नये.

कास्टिंग, म्हणजे साच्यात चांदी ओतून दागिना करणं, हा दुसरा मोठा फायदा. मेणाच्या नमुन्यांभोवती साचा करून, ते मेण जाळून टाकायला भट्टी कित्येक तास हळूहळू सुमारे ७३० अंशांपर्यंत न्यावी लागते. एकटीच्या दोन अंगठ्यांसाठी हे परवडत नाही. इथे आठ-दहा जणांचे साचे एकत्र जातात. चांदी किती लागेल याचा हिशेब सोपा: मेणाच्या वजनाच्या साधारण दहापट, वर चांदी आत जाण्याच्या नळीचं वजन धरून थोडी जास्त. साच्याच्या पावडरीत सिलिका असते, ती कालवताना चांगला मास्क लावणं ज्यांना जड जातं त्यांच्यापासून मी दोन खोल्या लांब असते.

डिझाइन चोरीची धास्ती बऱ्याच जणांना असते. माझा अनुभव असा की मांडणी क्वचित उचलली जाते, पण पद्धती सर्रास, आणि ते मला मान्य आहे, मीही उचलते. ग्राहकाची ऑर्डर मात्र उघड्या टेबलावर ठेवून जाऊ नये. स्टुडिओचा विमा इमारतीचा आणि यंत्रांचा असतो, तुमच्या खणातल्या खड्यांचा नसतो. करारातला तो परिच्छेद शोधून वाचा.

कुणी घेऊ नये? फक्त तार आणि मणी वापरणाऱ्यांनी, आणि ज्यांना आठवड्यातून दोन तासच मिळतात त्यांनी. त्या दोन तासांतला अर्धा वेळ मांडणं-आवरणं आणि आगीच्या कोपऱ्याची रांग यातच जातो; त्यांनी तासावर जागा देणारा स्टुडिओ बघावा. रोज काम करणाऱ्याला मासिक जागा फायद्याची पडते, अर्थात मिल चालू असेल तर.

मी करार वाढवते आहे. वेळ तेवढी संध्याकाळऐवजी सकाळची मागितली आहे, कारण सकाळी आगीचा कोपरा रिकामा असतो आणि आम्लही कुणी बिघडवलेलं नसतं. बंद यंत्राच्या काळात शुल्क कमी करावं, असं कलमही लिहून दिलंय. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.